पेडलची बॅटरी नक्की कोण खातं? प्रकल्प नोंदी, नाशिक

६ एप्रिल २०२४

टेबलावर गिटारची सात इफेक्ट पेडलं आहेत (गिटारचा आवाज बदलणारे, पायाने चालू-बंद करायचे डबे), सातही ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारी. तक्रार एकच: बॅटरी टिकत नाही. ‘अडॅप्टर लावा’ म्हणून मोकळं होता येतं, पण गंगापूर रोडच्या पुढे लॉन्सवर होणारे कार्यक्रम बऱ्याचदा जनरेटरवर असतात. तिथे स्वस्त अडॅप्टर घूंऽऽ करत राहतो आणि वादक पुन्हा बॅटरीकडे वळतात. म्हणून बॅटरीचाच हिशोब लावायचा आहे.

पेडल १: ४५५८ आयसीचं ओव्हरड्राइव्ह, बफर बायपास (इफेक्ट बंद असतानाही आवाज सर्किटमधूनच जातो).
पेडल २: टीएल०७२ आयसीवरचं घरी जुळवलेलं डिस्टॉर्शन, निळा एलईडी.
पेडल ३: पीटी२३९९ आयसीवरचा डिले.
पेडल ४: दोन सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा फझ. एलईडी नाही, अडॅप्टरचा जॅक नाही.
पेडल ५: ४०४९ आयसीचं ओव्हरड्राइव्ह.
पेडल ६: जुना फेझर, बरीच वर्षं कपाटात पडून.
पेडल ७: कॉम्प्रेसर. याची बॅटरी अडॅप्टर लावलेला असतानाही संपते.

प्रत्येकाची तीन रीडिंग घ्यायची. ‘अ’: इनपुटमध्ये प्लग नाही. ‘ब’: प्लग आहे, इफेक्ट बंद. ‘क’: प्लग आहे, इफेक्ट चालू. ‘अ’ शून्य आलंच पाहिजे, त्यात सूट नाही. ‘ब’ आणि ‘क’ किती असावेत हे सर्किटवर अवलंबून.

मोजायची पद्धत: बॅटरीचा स्नॅप (बॅटरीच्या दोन बटणांवर बसणारी टोपी) आडवा फिरवायचा, म्हणजे एकच बटण बसतं आणि उरलेली दोन टोकं बाहेर राहतात. त्या दोन टोकांच्या मध्ये मीटर. वायर कापावी लागत नाही. सुरुवात २०० मिलिअँपच्या रेंजवर, कारण पहिल्या क्षणी फिल्टर कपॅसिटर भरताना आकडा उसळतो. आकडा स्थिरावला की २० वर यायचं. चालू पेडल मायक्रोअँपच्या रेंजवर मोजू नये. स्वस्त मीटरमध्ये २००० मायक्रोअँपच्या रेंजला साधारण १०० ओहमचा शंट (करंट ज्यातून जातो तो मोजणीचा रेझिस्टर) असतो. ५ मिलिअँप गेले की अर्धा व्होल्ट मीटरच गिळतो, मग आपण पेडल मोजतोय की मीटर, हेच कळत नाही. ‘अ’ रीडिंगला मात्र हीच बारीक रेंज हवी.

७ एप्रिल

रीडिंग (मिलिअँपमध्ये, अ / ब / क):
१: ० / ४.७ / ७.९
२: ० / ३.२ / ९.२
३: ० / २४ / २७
४: ० / ०.८ / ०.८
५: ० / स्थिर नाही, १७ ते २६ / तेच
६: ० / सुरुवातीला ११, हळूहळू उतरतो / तेच
७: ० / ४.१ / ५.६

सातही पेडलांचं ‘अ’ शून्य. म्हणजे कागदावर एकही पेडल बंद असताना बॅटरी खात नाही. तक्रारी खऱ्या असतील तर कागदात कुठेतरी खोट आहे.

‘ब’कडे नीट बघा. इफेक्ट पायाने बंद केला म्हणजे बॅटरी बंद झाली, हा समज पक्का रुजलेला आहे. फूटस्विच आवाजाची वाट बदलतो आणि फार तर एलईडी विझवतो; सर्किटला वीज मिळतच राहते. बॅटरीचा खरा स्विच इनपुट जॅकमध्ये असतो. तिथे स्टिरिओ जॅक (टिप, रिंग आणि स्लीव्ह अशा तीन पत्त्यांचा) बसवलेला असतो आणि बॅटरीची काळी वायर त्याच्या रिंगच्या पत्तीला जोडलेली असते. गिटारच्या मोनो प्लगची बाही लांब असते. ती रिंग आणि स्लीव्ह या दोन्ही पत्त्यांना एकदम टेकते, काळी वायर अर्थला मिळते आणि पेडल चालू होतं. आउटपुटमध्ये केबल राहिली तर काही बिघडत नाही. इनपुटमध्ये राहिली तर रात्रभर करंट चालू.

इथेच पेडलबोर्डवाले (सगळी पेडलं एका फळीवर जोडून ठेवणारे) फसतात. बोर्डवरच्या छोट्या पॅच केबल कोणी काढत नाही. बोर्ड तसाच बॅगेत जातो. पहिल्या पेडलमधून गिटारची केबल निघते, त्यामुळे तेवढं एक बंद होतं. बाकी सगळी बॅगेत चालूच.

आणखी एक: केबलचा प्लग स्टिरिओ असेल तर रिंग स्लीव्हला मिळत नाही आणि बॅटरीवर पेडल चालूच होत नाही. असं पेडल ‘मेलं’ म्हणून येतं. आधी केबल बदलून बघा.

९ एप्रिल

खोलायच्या आधी गुणाकार-भागाकार. साध्या झिंक-कार्बन बॅटरीत (वर ६एफ२२ लिहिलेलं असतं) साधारण ४०० मिलिअँप-तास धरायचे, अल्कलाइनमध्ये (६एलआर६१) ५०० ते ५५०. करंट वाढला की हाताला येणारा साठा कमी होतो, हे लक्षात ठेवून.

पेडल २: ५०० भागिले ९.२, म्हणजे ५४ तास. रोज दोन तास वाजवलं तर महिनाही पुरत नाही. तक्रार बरोबर, दोष मात्र नाही. डिझाइनच खादाड आहे.

पेडल ४ चा हिशोब जुळत नाही. ०.८ मिलिअँपवर ४०० मिलिअँप-तासांची बॅटरी ५०० तास चालायला हवी. रोज तासभर वाजवणाऱ्याला वर्ष सव्वा वर्ष पुरेल. मालकाची तक्रार अशी: वाजवा नाहीतर तसंच ठेवा, तीन आठवड्यांत संपते. आता ५०० तासांना २४ ने भागा. जवळजवळ २१ दिवस. तीन आठवडेच! म्हणजे हे पेडल कधीच बंद होत नाही. गळती वगैरे काही नाही, सरळ पूर्ण सर्किट चोवीस तास चालू आहे. तरी टेबलावर ‘अ’ शून्य येतं. हे तूर्त बाजूला.

१२ एप्रिल

एलईडी. पेडल २ मध्ये निळ्या एलईडीला १ के (१००० ओहम) रेझिस्टर आहे. बॅटरीच्या ९ मधून एलईडीचे साधारण ३ व्होल्ट वजा, भागिले १०००: ६ मिलिअँप. टीएल०७२ ची पूर्ण आयसी २.८ घेते. म्हणजे दिवा बाजापेक्षा दुपटीने महाग.

रेझिस्टर बदलून बघितले. ४.७ केला १.३ मिलिअँप, १० केला ०.६, २२ केला ०.२८. हल्लीचे पारदर्शक हाय-ब्राइट एलईडी २२ केवरही खोलीत स्पष्ट दिसतात. उघड्या स्टेजवर संध्याकाळच्या उन्हात दिसत नाहीत. १० के ठेवला. नवं ‘क’: ३.८. बॅटरी ५४ तासांवरून १३० तासांवर, खर्च एक रेझिस्टर.

पेडल १ मध्ये जुना लाल, दुधी काचेचा एलईडी आणि २.२ के: ३.२ मिलिअँप. तिथे नुसता रेझिस्टर वाढवून भागत नाही, तो एलईडी मंदच आहे. हाय-ब्राइट लाल आणि १० के लावला. ‘क’ ७.९ वरून ५.४.

टीएल०७२ काढून टीएल०६२ लावली तर आयसीचा करंट २.८ वरून ०.४ होतो, हेही खरं. केलं नाही. टीएल०६२ ची खरखर जास्त आणि डिस्टॉर्शनमध्ये ती आणखी फुगते. बॅटरीसाठी आवाज द्यायचा नसतो.

१३ एप्रिल

पेडल ५. मीटर लावून हात डब्याजवळ नेला की आकडा हलतो: १७, २२, २६, परत १९. ही खूण एकदा बघितली की विसरत नाही: सीमॉस आयसीचे इनपुट अधांतरी आहेत.

४०४९ मध्ये सहा इन्व्हर्टर (इनपुट उलटा करून देणारी छोटी सर्किटं) असतात, या सर्किटमध्ये दोनच वापरलेत (पिन ३ इनपुट, २ आउटपुट, पिन ५ इनपुट, ४ आउटपुट). उरलेल्या चौघांचे इनपुट, म्हणजे पिन ७, ९, ११ आणि १४, कशालाच जोडलेले नाहीत. अधांतरी इनपुट हवेतल्या व्होल्टेजवर तरंगतो. तो मधोमध आला की इन्व्हर्टरमधले वरचे-खालचे दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट उघडतात आणि पुरवठ्यापासून अर्थपर्यंत सरळ वाट मोकळी होते.

चारही इनपुट एका बारीक वायरने पिन ८ ला, म्हणजे अर्थला डाग (सोल्डर) दिले. आउटपुट (६, १०, १२, १५) मोकळेच ठेवायचे. चुकून आउटपुट अर्थला गेला तर आयसी तापते. या आयसीत पुरवठा पिन १ ला आहे, १६ ला नाही. १३ आणि १६ आत कुठेच जोडलेल्या नाहीत. सवयीने १६ वर ९ व्होल्ट शोधणाऱ्याचा अर्धा तास जातो.

नवं रीडिंग ९.४, हात जवळ नेला तरी स्थिर. यापेक्षा खाली नाही येणार. वापरातले दोन इन्व्हर्टर मुद्दाम मधल्या व्होल्टेजवर ठेवलेले (बायस केलेले) असतात, तो आवाज त्यातूनच येतो.

१७ एप्रिल

पेडल ७, अडॅप्टरवर चालूनही बॅटरी संपवणारं. संशय डीसी जॅकवर. २.१ मिमीच्या, मधली पिन ऋण असलेल्या नेहमीच्या जॅकला तीन टोकं असतात: मधली पिन, बाही आणि एक स्विचची पत्ती. बॅटरीची लाल वायर त्या पत्तीला. अडॅप्टरचा प्लग आत गेला की बाहीचा स्प्रिंग पत्तीपासून सुटतो आणि बॅटरी वेगळी होते.

तपासणी: बॅटरी काढा, अडॅप्टर लावा, स्नॅपच्या लाल टोकावर डब्याच्या सापेक्ष व्होल्ट मोजा. स्नॅपच्या लाल-काळ्यात मोजू नका. इनपुटमध्ये प्लग नसेल तर काळी वायर तरंगत असते, मीटर शून्य दाखवतो आणि जॅक ठीक आहे असं वाटतं.

इथे लाल टोकावर ९.६ व्होल्ट आले. पत्ती सुटतच नाही. परिणाम दोन. अडॅप्टर चालू असताना तो बॅटरी चार्ज करायला बघतो. अल्कलाइन बॅटरी त्यासाठी नसते, ती फुगते, गळते. आणि अडॅप्टर भिंतीवर बंद असताना बॅटरी उलट अडॅप्टरला पोसते. भिंतीवरच्या स्विचबोर्डवर बटण बंद आणि अडॅप्टरचा दिवा मंद पेटलेला दिसला तर हेच समजा.

कारण: डाग देताना सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकली, जॅकचं प्लास्टिक मऊ पडलं आणि पत्ती आत सरकली. नवा जॅक लावला. आधी तीन वायरींना कथील चढवून घेतलं, मग प्रत्येक टोकाला दोन सेकंद, मध्ये थंड होऊ देत. आता लाल टोकावर शून्य.

स्नॅपवर पांढरी भुकटी होती. अल्कलाइनची गळती क्षारयुक्त, ती व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाच्या बोळ्याने निघते. झिंक-कार्बनची गळती आम्लधर्मी, तिला खाण्याचा सोडा. दोन्हीनंतर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसायचं. वायरीच्या आत हिरवं चढलं असेल तर स्नॅपच बदला.

हाच जॅक पेडलबोर्डवाल्यांच्या कामाला येतो. कशालाही न जोडलेला रिकामा डीसी प्लग पेडलमध्ये खोचला की बॅटरी तुटते, पॅच केबल काढायची गरज नाही.

२१ एप्रिल

एम. जी. रोडवरून आणलेल्या बॅटऱ्या तपासल्या. नुसते व्होल्ट बघून काही कळत नाही. ४७० ओहमचा रेझिस्टर टोकांना लावून पाच सेकंदांनी मोजायचं. अल्कलाइन ९.५ वरून ९.३. नवी झिंक-कार्बन ९.४ वरून ८.७. एका खोक्यातल्या तीन जुन्या मालाच्या निघाल्या: ९.० दाखवतात, लोड लावला की ६.८. पेडलला दोष देण्याआधी हे करायला हवं होतं, खरं तर ६ तारखेलाच.

मीटरचा २०० मिलिअँपचा फ्यूज उडाला. लाल प्रोब करंटच्या भोकात राहिली आणि बॅटरीचे व्होल्ट मोजले. करंट झाला की प्रोब लगेच परत व्होल्टच्या भोकात, मगच पुढचं.

२७ एप्रिल

पेडल ४. आजवरची सगळी रीडिंग झाकण उघडून घेतली होती, बॅटरी बाहेर काढून. मालकाकडे पेडल झाकण लावलेलं असतं. फरक तेवढाच.

मोजणी झाकण लावून करायची तर वायर बाहेर आणायला हवी आणि या पेडलला अडॅप्टरचं भोकही नाही. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून ३६ गेजची एनॅमल्ड तांब्याची वायर आणली, दोन तुकडे झाकणाच्या कडेखालून बाहेर काढले. कडेशी टेपचा एक पदर, नाहीतर डब्याची धार एनॅमल खरवडते आणि नवाच शॉर्ट तयार होतो. बॅटरी तिच्या जागीच, आत.

झाकण नुसतं ठेवलं: ०. दोन स्क्रू: ०. चारही स्क्रू आवळले: ०.७९ मिलिअँप. इनपुटमध्ये प्लग नसताना.

कुठे टेकतं ते शोधायला कणकेची गोळी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून जॅकवर ठेवली, झाकण आवळलं, उघडलं. बाकी ठिकाणी दोन-तीन मिमी जाडी उरली होती, रिंगच्या टोकावर कागदच फाटलेला. काळ्या वायरीच्या डागाचं एक शेपूट वर राहिलं होतं. झाकण आवळलं की बॅटरी जॅकला किंचित वर ढकलते आणि शेपूट झाकणाला टेकतं. डबा स्लीव्हला, म्हणजे अर्थला जोडलेला. रिंग अर्थला टेकणं म्हणजे हुबेहूब प्लग खोचल्यासारखंच. म्हणून हा दोष आवाजात कधी कळत नाही. टिपची वायर डब्याला टेकली असती तर आवाज गेला असता आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी खोललं असतं.

दुरुस्ती: शेपूट कापलं, डाग पुन्हा सपाट दिला, जॅकचा नट सैल करून टोकं झाकणाकडून डब्याच्या मधल्या पोकळीकडे वळवली, रिंगच्या टोकावर श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवली. बॅटरीखाली फोमचा तुकडा. झाकणाला आतून नुसती टेप चिकटवणं हा उपाय पुष्कळ जण करतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या पेडलमधली टेप महिन्यात सुटते. टेप लावायचीच तर जॅक वळवल्यावर, वरून.

चारही स्क्रू आवळून ‘अ’: ०. नवी अल्कलाइन घातली, ९.५ व्होल्ट, तारीख बॅटरीवर लिहिली.

५ मे

पेडल ६. पुरवठ्याच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आहे, त्यामुळे काही कापायची गरज नाही: त्याच्या दोन टोकांत १.१ व्होल्ट, म्हणजे ११ मिलिअँप. दहा मिनिटांत ०.६ व्होल्टपर्यंत उतरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ११ पासून सुरू. वर्षानुवर्षं वीज न मिळालेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असा वागतो: आतला ऑक्साइडचा थर झिजलेला असतो, वीज मिळाली की तो हळूहळू पुन्हा बनतो.

रेझिस्टरनंतरच्या २२० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टच्या कपॅसिटरचा एक पाय उचलला: सरळ ५.८. तो चांगला असता तर त्याची गळती ३५ मायक्रोअँपच्या आसपास थांबायला हवी होती. इथे पाच मिलिअँप. हळूहळू भरवून त्याला वळणावर आणता येतं, पण काही रुपयांच्या भागासाठी कशाला. २२० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा नवा लावला. त्याच्या भावंडांचीही तीच वयं, म्हणून बोर्डवरचे बाकीचे चार इलेक्ट्रोलिटिकही बदलले.

पेडल ३ चं काही करायचं नाही. पीटी२३९९ एकटी १५ मिलिअँपच्या आसपास घेते, तिला ५ व्होल्ट देणारा ७८एल०५ रेग्युलेटर स्वतःचे तीन-चार घेतो, वर ऑप-अँप. बॅटरी सात व्होल्टच्या खाली गेली की रेग्युलेटर ५ व्होल्ट धरू शकत नाही आणि डिलेचा आवाज ढासळतो. अल्कलाइनवर बारा-तेरा तास, बस. डिलेला अडॅप्टरच द्या, तोही वेगळा आणि रेग्युलेटेड.

६ जुलै

पावसात फेरतपासणी. सहा पेडलांचं ‘अ’ शून्य. पेडल २ चं ३५ मायक्रोअँप, एप्रिलमध्ये शून्य होतं. इनपुट जॅक सर्किट बोर्डवरच बसवलेला आहे. रिंग आणि स्लीव्हच्या डागांमध्ये फ्लक्सचा (डाग देताना वापरलेल्या लेपाचा) पिवळा थर तसाच राहिलेला. कोरड्या हवेत तो निरुपद्रवी, ओल धरली की वाहतो. महिन्याला २५ मिलिअँप-तास, म्हणजे बॅटरीचा विसावा हिस्सा. जुन्या टूथब्रशने आयपीए लावून घासलं, टेबल लॅम्पखाली अर्धा तास वाळवलं: ०.

पेडल ४ मधली २७ एप्रिलची बॅटरी: सत्तर दिवसांनी ४७० ओहमच्या लोडवर ९.१ व्होल्ट. जुन्या चालीने अल्कलाइनचीही एव्हाना तिसरी बॅटरी चालू असती. ती काढून पेडल २ मध्ये घातली. पेडल ३ ने टाकून दिलेली ७.१ व्होल्टची बॅटरी आता पेडल ४ मध्ये आहे. फझ तिच्यावर मजेत चालतो, थोडा जास्तच खरखरीत.